इंडोनेशियाची बातमी तीन ओळींत कशी मावेल?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात एक छोटीशी बातमी होती, इंडोनेशियाचे जुने राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांना 10 नोव्हेंबर 2025 ला मरणोत्तर 'राष्ट्रीय वीर' जाहीर केलं, बस एवढीच. ऑगस्टमध्ये तिकडे जाळपोळ झाली तेव्हा मात्र पहिल्या पानावर आगीचा रंगीत फोटो होता. मधल्या काळात काय झालं, त्या आधी काय झालं होतं, याबद्दल आपल्याकडे एक अक्षर नाही. म्हणून हे पत्र. लांब होणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कापायचं तर कापा पण मधूनच कापू नका.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो, बँकेतून रिटायर झालोय. आता इंडोनेशियाशी माझा काय संबंध? तर माझा भाचा तिकडे बांडुंगजवळ एका सुताच्या मिलमध्ये आहे, बरीच वर्षं झाली. त्याच्यामुळे आमच्या घरात त्या देशाच्या बातम्या जरा जास्त चवीनं वाचल्या जातात. बाकी आमच्या शहरात इंडोनेशिया म्हणजे बाली, आणि बाली म्हणजे अलकापुरीतल्या ट्रॅव्हलवाल्याचं पाच रात्री सहा दिवसांचं पॅकेज, याच्या पलीकडे कुणाला काही माहिती नसते. त्यात लोकांची चूक नाही, छापूनच येत नाही तर कळणार कुठून.

याच वर्षी, म्हणजे 2025 च्या 26 जानेवारीला त्यांचे राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियांतो आपले प्रमुख पाहुणे होते. तेव्हा आपण केवढं छापलं! राष्ट्रपती भवनातल्या जेवणात ते म्हणाले की माझ्यात भारतीय डीएनए आहे, त्यांच्याबरोबर आलेल्या लोकांनी हिंदी सिनेमाचं गाणं म्हटलं, त्याचा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन वेळा आला. पण हे गृहस्थ कोण, कुठून आले, हे कुणी सांगितलंच नाही. हे सुहार्तोंचे एकेकाळचे जावई. सैन्यातल्या कोपासुस नावाच्या खास दलाचे प्रमुख होते, 1998 मध्ये सुहार्तो गेले त्याच वर्षी यांना सैन्यातून काढलं, कारण लोकशाहीवाल्या कार्यकर्त्यांना पळवून नेल्याच्या प्रकरणात त्यांच्या माणसांची नावं आली होती. तेच फेब्रुवारी 2024 च्या निवडणुकीत 58 टक्क्यांवर मतं घेऊन निवडून आले, टिकटॉकवर गोड आजोबांसारखे नाचून. आणि आता सासऱ्यांना वीर केलं. हे सगळं एका दोरीत ओवल्याशिवाय ती कोपऱ्यातली बातमी वाचून काय कळणार सांगा.

आता ऑगस्टचं बघू. तुमच्या बातमीत होतं 'खासदारांच्या भत्त्यावरून हिंसाचार'. खरं आहे, पण हे म्हणजे अर्धंच. तिकडे संसदेत 580 खासदार आहेत. त्यांना घरभाडं म्हणून महिन्याला 5 कोटी रुपिया मिळतात असं बाहेर आलं. घाबरू नका, तिकडचा रुपिया हलका आहे, आपल्या पैशात अडीच-पावणेतीन लाख. पण जकार्तात कामगाराचं 2025 चं किमान वेतन साधारण 54 लाख रुपिया, म्हणजे आपले 29 हजाराच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नऊ पट नुसतं घरभाडं, पगार वेगळा, बाकीचे भत्ते वेगळे. आणि ते कधी, तर मध्य जावामधल्या सोलो शहराजवळची स्रीटेक्स नावाची तिकडची सगळ्यात मोठी कापडाची कंपनी मार्चमध्ये बंद पडून दहा हजाराच्या वर कामगार घरी बसले त्याच वर्षी. भाचा त्याच धंद्यात, त्यामुळे त्याच्या मिलमध्ये तेव्हापासून रोज एकच विषय, पुढचा नंबर कुणाचा.

त्यात खासदार सभागृहात नाचतानाचे व्हिडिओ फिरले. संसद बरखास्त करा म्हणणारे लोक जगातले सगळ्यात मूर्ख, असं अहमद सहरोनी नावाचे एक खासदार बोलून गेले. 25 ऑगस्टला मोर्चे सुरू झाले. 28 च्या रात्री जकार्तात पोलिसांच्या ब्रिमोब दलाची चिलखती गाडी एका 21 वर्षांच्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या अंगावरून गेली. व्हिडिओत सगळ्या देशानं पाहिलं. तिकडे त्यांना ओजोल म्हणतात, ॲपवरचे, हिरवं जॅकेट घालणारे, माणसं पण नेतात आणि जेवण पण पोचवतात. त्या मुलाबद्दल सांगतात की तो मोर्च्यात नव्हताच, ऑर्डर पोचवत होता. भाचा म्हणाला मामा, इथं प्रत्येक घराला आपला आपला ओजोल माहीत असतो, म्हणून हे मरण कुणाला लांबचं वाटलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून आग पसरली ती जकार्ता, सुराबाया, मकासर, सगळीकडे. मकासरला शहराच्या लोकप्रतिनिधी सभेची इमारत जाळली, आत अडकलेली तिथली नोकरीवालीच माणसं गेली.

इथं एक सांगतो, कारण आमच्या ग्रुपवर मला लगेच 'तुम्ही दंगलवाल्यांच्या बाजूनं' म्हणतील. जाळपोळ वाईटच झाली. अर्थमंत्री श्री मुल्यानी यांचं घर लुटलं, त्या तर खासदार पण नव्हत्या. खासदारांच्या घरातून लोकांनी सामान उचलून नेलं. याला आंदोलन म्हणत नाहीत. पण जे विद्यार्थी आणि बायका गुलाबी-हिरव्या रंगात रस्त्यावर आल्या, मोर्च्यातल्या एका गुलाबी हिजाबवाल्या बाईचा गुलाबी आणि ओजोलच्या जॅकेटचा हिरवा, त्यांनी 17 तातडीच्या आणि 8 लांबच्या अशा मागण्या लिहून दिल्या होत्या, त्यात पोलीस सुधारणा होती, पकडलेल्यांना सोडा होतं, सैन्यानं बराकीत जावं होतं. आपल्या पेपरात लुटीचा फोटो आला, या कागदाबद्दल काहीच नाही आलं. बरं, तो कागद काही गुप्त नव्हता, तिकडे प्रत्येकाच्या मोबाईलवर होता.

माझा खरा मुद्दा पुढे आहे. लोक भत्त्यासाठी एवढे पेटत नाहीत. लोक पेटतात ते जेव्हा तक्रार घेऊन जायला दुसरी जागाच उरत नाही, आणि तिकडे त्या जागा एकेक करून बंद झाल्या, त्या सुद्धा रणगाडे आणून नाही, सभागृहात हात वर करून, नियमानं, गॅझेटमध्ये छापून. म्हणूनच बाहेरच्या पेपरांना ती बातमी वाटली नाही.

बघा ना. 2019 मध्ये त्यांच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाचा, केपीकेचा, कायदा बदलला. हा आयोग मोठमोठ्या मंत्र्यांना उचलायचा, लोकांचा त्याच्यावर जीव होता. वर देखरेख मंडळ बसवलं, तिथल्या माणसांना सरकारी नोकर केलं. मग त्यांची 'राष्ट्रीय दृष्टिकोना'ची एक परीक्षा घेतली आणि 2021 मध्ये 57 जणांना नापास करून घरी पाठवलं. त्यात नोव्हेल बास्वेदान होते, ज्यांच्या तोंडावर 2017 मध्ये ॲसिड फेकलं होतं आणि एक डोळा गेला होता. डोळा देऊनही नोकरी टिकली नाही, परीक्षेत गेली! तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले होते, ऐकलं कुणी नाही.

मग कोर्टाची पाळी. नियम होता की उपराष्ट्राध्यक्षाला 40 वर्षं पूर्ण हवीत. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो, जोकोवी म्हणतात त्यांना, साध्या घरातून आलेले, लोकांचे लाडके, त्यांचा मोठा मुलगा जिब्रान 36 वर्षांचा, सोलोचा महापौर. 16 ऑक्टोबर 2023 ला संविधान न्यायालयानं निकाल दिला की जो निवडून आलेला महापौर वगैरे आहे त्याला वयाची अट नाही. आणि न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश कोण, तर जोकोवींच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे उमेदवाराचे सख्खे आतोबा. नंतर नीतिमत्तेच्या समितीनं आतोबांना मुख्य न्यायाधीश पदावरून काढलं, पण निकाल तसाच राहिला, न्यायाधीश म्हणून तेही तिथेच राहिले, आणि त्यांचा भाचा जिब्रान आज उपराष्ट्राध्यक्ष आहे. आपल्याकडे लग्नात मानपानावरून आतोबा रुसतात एवढंच मला माहीत होतं.

2024 च्या ऑगस्टमध्ये जोकोवींच्या धाकट्या मुलाला प्रांताच्या निवडणुकीत उभं करता यावं म्हणून तसंच करायला निघाले होते. न्यायालयानंच या वेळी वयाची अट घट्ट केली होती, तर संसदेनं ती एका दिवसात सैल करायला घेतली. तेव्हा निळ्या रंगावर गरुड असलेलं 'धोक्याचा इशारा' म्हणून एक चित्र सगळ्यांनी शेअर केलं, 22 ऑगस्टला हजारो लोक संसदेच्या कुंपणाला भिडले आणि खासदार मागे सरले. म्हणजे तेव्हा कळलं की अर्ज करून नाही, कुंपण हलवूनच ऐकतात. हा धडा लोकांनी स्वतःहून नाही घेतला, संसदेनं शिकवला.

मग 2025 च्या मार्चमध्ये सैन्याचा कायदा. नोकरीत असलेले अधिकारी आधी दहा सरकारी खात्यांत बसू शकत होते, आता चौदा. त्याच्या बैठका कुठे, तर संसदेत नाही, जकार्तातल्या एका पंचतारांकित हॉटेलात, शुक्रवार-शनिवार गाठून, दार लावून! एकीकडे काटकसर म्हणून बजेटमधून 306 लाख कोटी रुपिया कापले होते, आपल्या हिशोबात दीड लाख कोटींच्या वर, फेब्रुवारीत त्याच्याविरुद्ध विद्यार्थी काळे कपडे घालून 'अंधारा इंडोनेशिया' म्हणत फिरत होते. हॉटेलात मानवाधिकारवाल्या दोघा-तिघांनी घुसून जाब विचारला तर त्यांच्यावरच तक्रार. 20 मार्चला कायदा पास. विरोधी पक्ष काय करत होता विचाराल तर तो आहेच कुठे. संसदेत आठ पक्ष, सात सरकारच्या बाजूला, आठवा काठावर बसून पाय पाण्यात सोडून. मंत्री आणि उपमंत्री मिळून शंभराच्या वर, म्हणजे सगळ्यांचीच सोय.

या सगळ्यात मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटली ती पातीची गोष्ट. मध्य जावामधला साधा जिल्हा, तिथल्या जिल्हाप्रमुखानं, सुदेवो नाव, जमीन-घराचा वेरा 250 टक्क्यांपर्यंत वाढवला. (आमच्याकडे घरपट्टीला वेराच म्हणतात, तुमचे पुण्याचे प्रूफरीडर बदलतील, बदलू नका.) लोक कुरकुरले तर हे म्हणाले पाच हजार काय पन्नास हजार लोक आणा, मी मागे हटणार नाही. झालं. लोकांनी भांडण नाही केलं, ओट्यावर पाण्याच्या बाटल्यांचे खोके जमवायला सुरुवात केली, मोर्च्याच्या दिवशी लागतील म्हणून. जिल्हा कार्यालयाची माणसं ते खोके उचलून न्यायला आली, त्याचा व्हिडिओ झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून खोक्यांचा डोंगर. कुणी केळी आणतोय, कुणी भाजी. साहेबांनी वेरा मागे घेतला तरी लोक 13 ऑगस्टला आलेच, साहेब गाडीवर चढून माफी मागायला लागले तर चपला आल्या. जकार्ता पेटायच्या बारा दिवस आधी. ज्याला जकार्ता समजून घ्यायचंय त्यानं आधी पाती वाचावं. तिकडचे लोक म्हणतात की वरून येणारा पैसा काटकसरीत आटला म्हणून जिल्ह्यांनी वेरा वाढवला, सरकार म्हणतं तसं नाही. पण वेरा भरणाऱ्याला त्याच्याशी काय, बिल तर त्याच्याच नावावर येतं.

आणि तो कापलेला पैसा कुठे गेला, तर बराचसा शाळेतल्या मोफत जेवणाच्या योजनेत, प्रबोवोंची आवडती योजना, आठ कोटींच्या वर लोकांना जेवण द्यायचं. कल्पना चांगली आहे, आपल्याकडे मध्यान्ह भोजन आहेच. पण घाईघाईत किचन उघडली, आणि पश्चिम बांडुंग जिल्ह्यात सप्टेंबरमध्ये आठवड्याभरात हजाराच्या वर मुलं आजारी पडली. भाच्याच्या मिलमधल्या बायकांनी तेव्हापासून मुलांना घरचा डबा द्यायला सुरुवात केली, मोफतचं राहू दे म्हणाल्या.

आमच्या सकाळच्या कमाटीबागेच्या मंडळीत हा विषय निघाला तेव्हा एकानं लगेच सांगितलं, यात परकीय हात आहे. मजा म्हणजे प्रबोवोंचंही जवळपास तेच म्हणणं. 31 ऑगस्टला त्यांनी भत्ते मागे घेतल्याचं, खासदारांचे परदेश दौरे बंद केल्याचं सांगितलं, आणि त्याच भाषणात काही प्रकार राजद्रोह आणि दहशतवादाकडे झुकतायत असंही म्हणाले. त्याच्या आधी ट्रकवाल्यांनी 17 ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाला जपानी कार्टूनमधला टोपीवाल्या कवटीचा झेंडा लावला तेव्हाही देश फोडायचा डाव म्हणून आरडाओरड झाली होती. परकीय हाताला पातीतले केळीचे घड कुणी पाठवले हे मात्र मंडळीत कुणी सांगू शकलं नाही.

आता माझ्या शहराचं बोलतो, कारण संपादकसाहेब तुम्ही म्हणाल बडोद्यात बसून याला काय जकार्ताची पडलीय. जानेवारी 2024 मध्ये आमच्या हरणी तलावात सहलीच्या बोटीत 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडाल्या. त्याच वर्षी ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी घराघरात शिरलं. 2025 च्या जुलैच्या 9 तारखेला महीवरचा गंभीरा पूल तुटला, गाड्या नदीत गेल्या, वीसच्या वर माणसं गेली. तो पूल हलतो म्हणून गावचे लोक कधीपासून सांगत होते. आमचाही राग रस्त्यावर आला होताच, पुरानंतर नगरसेवक आपल्याच वॉर्डात जायला घाबरत होते. पण इथं निदान हायकोर्टानं हरणीची स्वतःहून दखल घेतली, माहिती अधिकारात कागद मागता येतात, उशिरा का होईना कुणाला तरी उभं करून विचारता येतं. हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही, त्या मुलांच्या आईबापांना विचारा किती हेलपाटे पडतात ते. पण ही दारं किती कामाची आहेत ते पाती आणि जकार्ताकडे बघून मला जास्त कळलं, आणि ती कशी गुपचूप अरुंद होतात तेही. म्हणून मला तिकडच्या बातमीत आगीपेक्षा कायद्याची कलमं वाचायची आहेत.

आग विझल्यावर काय झालं ते तर कुठेच वाचलं नाही. तीन हजारांच्या वर लोक पकडले, शेकडो जणांवर खटले, त्यात शाळकरी पोरंही. एका मानवाधिकार संस्थेच्या तरुण संचालकाला लोकांना भडकावलं म्हणून उचललं. सगळी मिळून दहाएक माणसं मेली. 8 सप्टेंबरला अर्थमंत्री बदलल्या. वादात सापडलेल्या काही खासदारांना नोव्हेंबरमध्ये सभागृहाच्याच समितीनं काही महिन्यांसाठी निलंबित केलं, काहींना निर्दोष सोडलं. भत्ता गेला हे खरं, पण सैन्याचा कायदा तसाच आहे, केपीकेचा कायदा तसाच आहे.

आणि मग 10 नोव्हेंबर. सुहार्तो, 32 वर्षं सत्ता, 1965-66 मध्ये निदान पाच लाख माणसं मारली गेली ती त्यांच्या सैन्याच्या देखरेखीत, शेवटी मे 1998 मध्ये विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्यावर देश उठला आणि 21 मे ला राजीनामा. त्यांना वीर केलं. पण तुमच्या बातमीत नसलेली गोष्ट अशी की त्याच दिवशी त्याच यादीत मार्सिना हे नाव पण आहे. पूर्व जावामधल्या घड्याळाच्या कारखान्यात काम करणारी मुलगी, किमान वेतनासाठी संपात पुढे होती, 1993 च्या मे महिन्यात तिला पळवून छळ करून मारलं, चोवीस वर्षांची. राज्य कुणाचं होतं? सुहार्तोंचं. मारणाऱ्यांना आजपर्यंत शिक्षा नाही. आता दोघंही राष्ट्रीय वीर, एकाच समारंभात. भाच्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं तो थट्टा करतोय. मिलमधल्या बायका खूश पण झाल्या आणि चिडल्या पण, तिचा फोटो लावायचा तर शेजारी त्यांचा पण लावायचा का, असा त्यांचा प्रश्न होता.

जकार्तात राजवाड्यासमोर 2007 पासून दर गुरुवारी माणसं काळ्या छत्र्या घेऊन उभी राहतात, 1998 च्या गोळीबारात मुलं गेलेल्या आया आहेत त्यात. त्यांनी या पुरस्काराला विरोध केला होता. त्यांच्याबद्दल कधीतरी रविवारच्या पुरवणीत एक पान द्या, बालीच्या समुद्रकिनाऱ्यांवर तुम्ही दोनदा दिलंय.

माझी विनंती साधी आहे. त्या पकडलेल्या मुलांच्या खटल्यांच्या बातम्या महिन्यातून एकदा तरी द्या. एजन्सीकडून येत असणारच, तुमच्या टेबलावर कापल्या जातात. आणि एक दुरुस्ती: 11 सप्टेंबरच्या अंकात 'जकार्तातील जाळपोळ' म्हणून जो फोटो छापला तो जकार्ताचा नाही, काठमांडूच्या सिंह दरबारचा आहे, नेपाळमधल्या आंदोलनातला. ही दुरुस्ती तुम्ही अजून छापलेली नाही.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदे